पिवळा कर्णा, काळी पेटी

फोनवर खरेदीचं कुठलंही ॲप उघडा आणि 'अँटीक ग्रामोफोन' असं टाइप करा. पहिल्याच स्क्रीनवर दहा-पंधरा दिसतील. झळझळीत पिवळा पितळी कर्णा, खाली अष्टकोनी लाकडी खोकं, खोक्यावर कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेल्या कुत्र्याची पट्टी. मजकुरात 'व्हिंटेज', 'रॉयल', 'अस्सल', 'पूर्णपणे चालू'. हा लेख लिहायला बसण्याआधी मी पाहिलं तेव्हा सगळ्यात स्वस्त साडेसहा हजारांना होता आणि त्याखाली लिहिलं होतं, फक्त ४० नग शिल्लक.

अँटीकचे ४० नग. एकाच मापाचे, एकाच पॉलिशचे, घरपोच.

आपल्याकडे १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे. त्याच्या हिशेबाने एखाद्या वस्तूला पुरावशेष म्हणायचं तर ती निदान १०० वर्षं जुनी लागते. हस्तलिखितांना ७५ वर्षं पुरतात. बाजाराच्या हिशेबाने मात्र चिंचेचं पाणी लावून काळवंडवलेली पट्टी आणि एक रात्र अंगणात ठेवलेलं लाकूड एवढं पुरतं. हे सगळ्यांना माहीत आहे. विकणाऱ्याला, घेणाऱ्याला, घरी येऊन 'वा!' म्हणणाऱ्या पाहुण्यालाही. मग माझं भांडण कशाशी आहे? खोट्या फुलांवर, प्लास्टिकच्या आंब्याच्या तोरणांवर मी कधी लेख लिहिलेला नाही. लिहिणारही नाही. ती फुलं दिवाणखान्यात ठेवायला कोणी बागेतली खरी फुलं तुडवत नाही. हा नकली ग्रामोफोन मात्र खऱ्या ग्रामोफोनला खाऊन उभा राहतो. माझं भांडण त्याच्याशी आहे.

तो कसा बनतो ते आधी सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. कर्णा नवा असतो, पातळ पितळी पत्र्याचा, तुकडे जोडून झाळलेला. विक्रेत्यांचे पत्ते पाहिलेत तर मुरादाबाद, रुडकी, दिल्ली ही नावं परत परत दिसतील. पितळेची होकायंत्रं, दुर्बिणी, जहाजावरचे दिवे यांच्या नकलाही तिथूनच येतात. खोकं नवं, पट्टी नवी, स्क्रू तर इतके नवे की त्यांच्या खाचेत धूळसुद्धा नाही. पण चावीवर चालणारी मोटर? घट्ट गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग, दातेरी चाकं, आणि वेग एकसारखा ठेवणारा गव्हर्नर, म्हणजे गरगर फिरताना बाहेर फाकणारी तीन छोटी वजनं. हे नव्याने नीट बनवायचं तर साडेसहा हजारांत भागत नाही. मग ते कुठून तरी काढावं लागतं. सगळ्या नाही, पण पुष्कळ नकली यंत्रांच्या पोटात असलेली मोटर आणि तोंडाशी असलेला साउंडबॉक्स हे एका खऱ्या, चालू, पोर्टेबल ग्रामोफोनमधून उचकटलेले असतात.

पोर्टेबल म्हणजे काय, हे बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं, कारण ते रीलमध्ये येत नाही. ती एक काळी पेटी असते. छोट्या सुटकेसएवढी, वरून चामड्यासारखं दिसणारं काळं कापड चिकटवलेली, निकेलच्या कड्या, वर धरायला मूठ. झाकण उघडलं की आत तबकडी ठेवायची गोल चकती, वळणदार नळी, कोपऱ्यात पिना ठेवायची इवलीशी वाटी, आणि चावीचा दांडा क्लिपमध्ये अडकवलेला. झाकणात काही तबकड्या ठेवायची सोय. कर्णा दिसत नाही, कारण तो घडी घालून पेटीच्या पोटात बसवलेला असतो. आवाज मागून येतो आणि उघड्या झाकणावर आपटून खोलीत पसरतो. एचएमव्हीचं १०२ नंबरचं मॉडेल १९३१ मध्ये आलं आणि पुढे पंचवीसहून जास्त वर्षं विकलं जात होतं. त्याआधीचं १०१ तितकंच कणखर. वीज लागत नाही. बैलगाडीतून, एसटीच्या टपावरून, जत्रेला, लग्नाला, सहलीला नेता येतं.

आपल्या घरांत, आपल्या गावांत गाणं जे शिरलं ते या पेटीतून. बालगंधर्वांची पदं, अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी, हिराबाई बडोदेकरांचा ख्याल, लावण्या, पोवाडे, पुढे सिनेमाची गाणी. ज्यांना नाटकाचं तिकीट परवडायचं नाही किंवा ज्यांना बैठकीत शिरायची मुभाच नव्हती, विशेषतः घरातल्या बायका, त्यांनी ओट्याशी काम करता करता हेच ऐकलं. 'फोनो लाव' असं म्हणायचे. तीन-साडेतीन मिनिटं, मग तबकडी उलटायची, पिन बदलायची, चावी द्यायची.

मुंबईत मटण स्ट्रीटला, चोरबाजारात, मी वर्षातून तीन-चार वेळा जाते. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर मला अशा पेट्यांची चळत दिसली. अकरा मोजल्या. आनंदाने वरची उघडली तर आत भोक. मोटर नाही, नळी नाही, साउंडबॉक्स नाही. दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. काहींच्या झाकणात मूळ मालकाचं नाव रंगाने लिहिलेलं होतं, एकीत पिनांची डबी तशीच. दुकानदाराला विचारलं तर तो अगदी निवांत म्हणाला, "ताई, ये काला डब्बा कौन लेता है? भोंपूवाला बोलो, कल दो पीस आये हैं." पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी अशा रिकाम्या पेट्या आता हत्यारं ठेवायचे डबे म्हणून मिळतात.

म्हणजे व्यवहार असा: जे यंत्र ७०-८० वर्षं टिकलं, जे तेलपाणी करून अजून ५० वर्षं चाललं असतं, ते फोडायचं, त्यातलं काळीज काढायचं, ते अशा खोक्यात बसवायचं जे धड वाजत नाही, आणि वर ते 'अस्सल जुनं' म्हणून विकायचं. विकणारा म्हणतो, मोटर तर जुनीच आहे ना? हो. दाताची कवळी बसवताना एक खरा दात ठेवला म्हणून कवळी खरी होत नसते.

आता तुम्ही विचाराल, पण कर्ण्याचे ग्रामोफोन होतेच की. होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर तेच होते, आपल्याकडेही आले. पण त्यांचे कर्णे बहुतेक रंगवलेल्या पत्र्याचे असत: काळे, तांबडे, निळे, धोतऱ्याच्या फुलासारखे पाकळ्यापाकळ्यांचे. काही लाकडी. पितळेचेही होते, पण सगळं जग पितळेचं नव्हतं. शिवाय लोकांना तो कर्णा अडचणीचाच वाटायचा. धूळ बसते, धक्का लागतो, खोली अडते. अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने १९०६ मध्येच कर्णा कपाटाच्या आत दडवला आणि लोकांनी त्या कपाटांवर उड्या टाकल्या. १९४०-५० च्या काळात घडणाऱ्या मराठी मालिकेत, वाड्याच्या ओसरीवर पिवळा कर्णा ठेवलेला दिसला की माझा तोल जातो तो यासाठी. त्या वाड्यात तेव्हा काळी पेटी असती, नाहीतर रेडिओ.

मग हा पिवळा रंग आपल्या डोक्यात आला कुठून? कुत्र्याच्या चित्रातून, आणि त्या चित्राची गोष्ट फारच मासलेवाईक आहे. इंग्लंडमधल्या फ्रान्सिस बॅरो नावाच्या चित्रकाराने निपर नावाच्या कुत्र्याचं चित्र काढलं तेव्हा निपरसमोर ग्रामोफोन नव्हताच. एडिसनच्या पद्धतीचा फोनोग्राफ होता, तबकडीऐवजी मेणाच्या नळकांड्यावर चालणारा, आणि त्याचा कर्णा काळा होता. चित्र कोणी घेईना. कोणीतरी सुचवलं, कर्णा सोनेरी कर म्हणजे उठाव येईल, खपेल. म्हणून बॅरो नमुन्याला पितळी कर्णा उसना मागायला ग्रामोफोन कंपनीच्या कचेरीत गेला. तिथल्या व्यवस्थापकाला चित्र आवडलं. तो म्हणाला, घेतो, पण यंत्र आमचं दाखव. १८९९ मध्ये बॅरोने फोनोग्राफ रंगाखाली गाडला आणि त्यावर ग्रामोफोन रंगवला. निपर तेव्हा जिवंतही नव्हता. चार वर्षांपूर्वी मेला होता. म्हणजे ज्या चित्राच्या जोरावर 'अस्सल' विकलं जातंय त्या चित्रातलं यंत्र बदललेलं आहे, आणि त्यातला पिवळा रंग मुळात माल खपावा म्हणून आलेला आहे. बॅरोने पुढे कंपनीसाठी त्या चित्राच्या २४ प्रती स्वतःच्या हाताने रंगवल्या. त्यांना आजही प्रतीच म्हणतात. एवढी सभ्यता जाहिरातीच्या चित्राच्या नशिबी आली, यंत्राच्या नाही.

बरं, दिसणं जाऊ द्या. वाजतं कसं?

ग्रामोफोनमध्ये विजेचा संबंध नाही, त्यामुळे सगळा खेळ हवेचा आहे. तबकडीच्या चरात पिन डावी-उजवी थरथरते. ती थरथर साउंडबॉक्समधल्या पातळ पडद्याला पोचते. पूर्वी तो अभ्रकाचा असे, नंतर ॲल्युमिनियमचा आला. पडदा हवेला ढकलतो आणि ती हवा हळूहळू रुंद होत जाणाऱ्या नळीतून कर्ण्यात जाते. 'हळूहळू रुंद' हे शब्द महत्त्वाचे. पिनेपासून कर्ण्याच्या तोंडापर्यंत एकच सलग वाट असते. ती मध्येच आवळली, मध्येच गळली, तर खर्ज जातो आणि नाकातला चिरका आवाज तेवढा उरतो. नकली यंत्रात मागच्या बाजूला एक जाड वाकवलेला पाइप असतो, प्लंबिंगचा वाटावा असा, आणि त्यावर कर्णा नुसता खोचलेला. फटीत रबर नाहीतर कापडाची चिंधी. पत्रा इतका पातळ की तो स्वतःच झणझणतो. वरच्या पट्टीतल्या तानेला पूर्ण कर्णा पत्र्याच्या छपरासारखा कुरकुरतो.

वेगाचंही तसंच. परक्या खोक्यात कशीबशी बसवलेली, वंगण वाळलेली मोटर पूर्ण बाजू ओढू शकत नाही. मिनिटाला ७८ फेऱ्यांवर सुरू झालेली तबकडी शेवटाला ७४ वर आली, तर सूर जवळपास अर्ध्या स्वराने उतरतो. म्हणजे गाणं संपताना जो कोमल ऋषभ लागतो तो सुरुवातीच्या षड्जाच्या मांडीवर येऊन बसलेला असतो. जन्मभर तंबोरा जुळवण्यात गेलेल्या माणसाच्या गाण्याचं हे होतं, आणि ऐकणारा म्हणतो, किती छान, अगदी जुनं वाटतं! नाही हो. जुनं असं वाजत नव्हतं. नीट जुळवलेल्या पेटीवर नीट राखलेली तबकडी लावली तर गाणारा माणूस शेजारच्या खोलीत बसलाय असं वाटतं. ज्यांनी ते ऐकलं नाही ते या खरखरीलाच भूतकाळ समजतात, आणि मग त्यांना वाटतं, बरं झालं तो काळ गेला.

सगळ्यात मोठं नुकसान तबकडीचं. ७८ ची तबकडी व्हिनाइलची नसते. लाख, दगडाची बारीक भुकटी आणि काजळी यांचं ते मिश्रण. किड्यांपासून मिळणारी तीच लाख, जिच्या बांगड्या होतात. भुकटी मुद्दाम घातलेली असते. पोलादी पिन मऊ ठेवलेली असते, आणि पहिल्या काही फेऱ्यांत तबकडीच पिनेला घासून आपल्या चराच्या मापाची करून घेते. म्हणून पिन एका बाजूलाच वापरायची आणि टाकायची. तीच परत लावली तर तिची झिजलेली धार छिन्नीसारखी चरात चालते. साउंडबॉक्सचं ओझं शंभर-सव्वाशे ग्रॅम असतं. त्यात नकली यंत्राची नळी चुकीच्या ठिकाणी बसवलेली, चराला आडवी ओढणारी. प्रत्येक वेळी ती चराची भिंत खरवडते. तबकडीवर करडे पट्टे दिसायला लागतात. ते पट्टे म्हणजे पुसलं गेलेलं गाणं. ते कुठल्याही ॲपने परत येत नाही.

पुण्यातल्या एका कॅफेत मी हे डोळ्यांनी पाहिलंय. भिंतीला विटांचा वॉलपेपर, एडिसनच्या नावाचे बल्ब, कोपऱ्यात पिवळा कर्णा. दर अर्ध्या तासाला एक मुलगा येऊन चावी द्यायचा आणि तीच तबकडी लावायचा. पिन कधी बदलता असं विचारलं. त्याला पिन बदलतात हेच माहीत नव्हतं. यंत्रासोबत जी आली होती तीच होती, आठ महिने. त्याचा काय दोष? त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पण विकणाऱ्याने सांगायला हवं होतं, आणि ज्याने 'हेरिटेज कॉर्नर' असा बोर्ड लावला त्या मालकाने विचारायला. तबकडी एका मराठी नाटकातल्या पदाची होती. लेबल एवढं झिजलेलं की गाणाऱ्याचं अर्धंच नाव राहिलं होतं. दुसऱ्या एका घरी मी या यंत्रावर 'शोले'च्या संवादांची एलपी ठेवलेली पाहिली. एलपीला दीड-दोन ग्रॅमचा भार सोसतो. तिच्यावर शंभर ग्रॅम ठेवायचे म्हणजे रांगोळीवरून रोडरोलर. एकदा वाजली, संपली.

हे मी तावातावाने सांगते तेव्हा लोक म्हणतात, अगं, सगळं यूट्यूबवर आहे. सगळं नाही. कित्येक जुन्या ध्वनिमुद्रणांचे कंपनीकडचे धातूचे साचे आता उरलेले नाहीत. उरल्या आहेत त्या कोणाच्या तरी माळ्यावरच्या, ट्रंकेतल्या तबकड्या, कधी दोन, कधी एकच. यूट्यूबवर जे आहे तेही अशाच कोणाच्या तरी राखलेल्या तबकडीवरून आलेलं आहे. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी आहेत, ऑस्ट्रेलियातल्या मायकेल किनियर यांनी भारतातल्या पहिल्यावहिल्या ध्वनिमुद्रणांच्या याद्या करण्यात वर्षानुवर्षं घातली. हे सगळं घरच्या पैशाने, घरच्या वेळाने. त्यांच्या हाती तबकडी पोचण्याआधी ती कॅफेतल्या छिन्नीखाली गेली तर यादीत फक्त नंबर राहतो.

केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरून अंतराळात गेली, हे आता सगळ्यांना माहीत असतं. दर वर्षी त्याचं एक तरी फॉरवर्ड येतंच. त्यातला एक तपशील फॉरवर्डमध्ये नसतो. नासाने त्या सोनेरी तबकडीबरोबर पिनही पाठवली आहे, आणि वेष्टणावर ती कशी ठेवायची, तबकडीची एक फेरी किती वेळात व्हायला हवी, हे आकृती काढून कोरलं आहे. एक फेरी ३.६ सेकंदांत. ज्यांना कान असतील की नाही याचीही खात्री नाही त्यांच्यासाठी एवढी काळजी. आणि केसरबाईंच्याच ७८ च्या तबकडीसाठी, त्यांच्याच भाषेच्या मुलखात, आपण 'वर्किंग कंडिशन' एवढ्यावर विश्वास टाकतो.

आता संग्राहकांकडे वळते, कारण खरा राग त्यांच्यावर आहे. ज्याला ठाऊक नाही तो फसला. त्याचं वाईट वाटतं. पण ज्याला पट्टी, पाइप, स्क्रू पाहून दोन मिनिटांत कळतं, तो ते का घेतो? मी तिघा-चौघांना तोंडावर विचारलं आहे. एकाने सांगितलं, खरा कर्णेवाला लाखाच्या घरात जातो, आपल्याला कसा परवडणार, दुधाची तहान ताकावर. द्रोणाचार्यांच्या घरी अश्वत्थाम्याला पाण्यात पीठ कालवून दूध म्हणून दिलं, ते घरात गाय नव्हती म्हणून. इथे गाय गोठ्यात उभी आहे. चालू स्थितीतली काळी पेटी मी नकली कर्ण्याच्या दीडपट किमतीत घेतलेली पाहिली आहे, थोडा धीर धरला तर त्याच किमतीत. ती विकायची, मोडायची, आणि पीठ विकत आणायचं, याला गरिबी म्हणत नाहीत.

दुसऱ्याचं म्हणणं, ही तर नुसती शोभेची वस्तू, एवढं काय मनावर घ्यायचं. ठीक. शोभेची आहे ना? मग त्यात मोटर कशाला? रिकाम्या खोक्यावर कर्णा ठेवा, त्यात रोपटं लावा, दिवा लावा, माझी काही हरकत नाही. प्री-वेडिंगवाल्यांना तर तेवढंच लागतं. फोटोत तसंही काही वाजत नाही. पण चावी फिरली पाहिजे, कुत्र्याची पट्टी पाहिजे, आणि वर कोणी विचारलं तर 'आजोबांचा आहे' असं म्हणायची सोय पाहिजे. दहा वर्षांनी हाच संग्रह विकायला निघतो तेव्हा 'जुन्या संग्रहातून' असा शिक्का बसतो आणि नकलेला वंशावळ मिळते. साडेसहा हजारांची वस्तू तेव्हा चाळीस हजारांना जाते. मी जिला संग्रह म्हणते त्या गोष्टीचं हे नेमकं उलटं आहे. संग्राहकाचं काम वस्तूबद्दलची खरी माहिती वस्तूला चिकटवून ठेवणं. हे लोक खोटी माहिती चिकटवतात.

तिसरा मुद्दा जरा गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. परदेशातले संग्राहक या भारतीय यंत्रांना 'क्रॅपोफोन' म्हणतात, 'फ्रँकेनफोन' म्हणतात, आणि खी खी हसतात. त्या हसण्यात गोऱ्यांची जुनी तुच्छता आहेच. ज्या कंपनीने इथली लाख नेली, इथला आवाज नेला, तिच्याच चिन्हाच्या पावित्र्यासाठी भारतीय झाळकाऱ्याला नावं ठेवायची? एका मित्राचं म्हणणं तर असं की हा एक प्रकारचा सूड आहे, आणि तो त्याला आवडतो. मलाही आवडला असता. पण सूड कोणावर उगवला जातोय ते बघा. कंपनीला काय फरक पडतो? मोडली जाते ती आपल्या लोकांनी पै पै साठवून घेतलेली पेटी, खरवडलं जातं ते आपल्या लोकांचं गाणं. आणि कारागिराला मिळतं काय? पितळेचा पत्रा ठोकून ठोकून असा फुललेला कर्णा करणं हे सोपं काम नाही. मी ते काम पाहिलंय, हाताला डोळा लागतो त्याला. त्या कर्ण्यावर त्याचं नाव कुठे असतं? कुत्र्याचं असतं. नफा दलालाचा, नाव मेलेल्या इंग्रजी कुत्र्याचं, आणि पकडलं गेल्यावर 'भारतीय नकली माल' ही शिवी मात्र कारागिराच्या वाट्याला.

त्यापेक्षा जुन्या काळाकडे नीट बघा. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करायला आला, गौहर जान त्याच्या कर्ण्यासमोर गायल्या. गाणं संपताना त्या मोठ्याने, इंग्रजीत, स्वतःचं नाव सांगत. कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या माणसाला कोणाचा आवाज कोणता हे कळायचं नाही. नाव ऐकून त्याने बरोबर लेबल लावावं. कलकत्त्यात सियालदाला कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. नंतर १९३० च्या दशकात मुंबईत 'यंग इंडिया' नावाची देशी कंपनी तबकड्या काढायला लागली. तिला कुत्रा चोरता आला असता, खपही वाढला असता. तिने स्वतःचं नाव छापलं. आज कोणाच्या ट्रंकेत 'यंग इंडिया'ची तबकडी निघाली तर संग्राहक तिच्यासाठी धावत येतो.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. नक्कल बनवा. जरूर बनवा. मुरादाबादच्या माणसाने कर्णा करावा, रुडकीच्या माणसाने खोकं करावं, कोणा इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनी नवी मोटर करावी, जी खरंच ७८ धरून ठेवेल. नळीची जागा मोजून ठरवा; त्याचं गणित शंभर वर्षं जुनं आहे, कोणालाही मिळतं. पट्टीवर लिहा: अमुक गावात, अमुक साली, अमुक माणसाने बनवलं. मग मी पहिली गिऱ्हाईक. त्या यंत्राला पन्नास वर्षांनी कोणी अँटीक म्हणालं तर ते खरं असेल. आणि विक्रीच्या ॲपवाल्यांनी निदान एवढं करावं की ज्याचे ४० नग शिल्लक आहेत त्याला 'अँटीक' या शब्दात शोधू देऊ नये. मोबाइलचं बनावट चार्जर काढून टाकता येतं तर हेही येईल.

तोवर तुमच्यापुरतं. घरी, मामाकडे, गावच्या माळ्यावर काळी पेटी असेल तर भंगारवाल्याला देऊ नका आणि कर्णा बसवून देतो म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. चावी जोरात पिळू नका. वंगण वाळलं असेल तर स्प्रिंग तुटते. घड्याळं, शिवणयंत्रं दुरुस्त करणारी जुनी माणसं अजून आहेत, त्यांना गव्हर्नर कळतो. पिनांची नवी पाकिटं मिळतात; एका बाजूला एक. तबकड्या आडव्या रचून ठेवू नका, उभ्या ठेवा, वहीसारख्या. लेबलाचा फोटो काढा, चरांजवळ कोरलेला नंबरही घ्या, आणि तो एखाद्या खऱ्या संग्राहकाला पाठवा. कदाचित तुमच्या हातात आहे तीच शेवटची असेल. धूळ मऊ कोरड्या कापडाने पुसा. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नका. लाख त्यात विरघळते.